रेवाचं दुसरं रक्त

पर्समधला फोन वाजला तेव्हा सीमाच्या हातात एका म्हाताऱ्याचा दंड होता. रबरी पट्टा आवळलेला, शीर बोटाखाली सापडलेली, सुई टोचायची तेवढी बाकी. वाजणारा फोन तिचा नव्हता. तिचा समोर टेबलावर गप्प पडला होता. वाजत होता तो तिच्या वडिलांचा, अण्णांचा, बटणांचा, ज्याच्या आवाजाने घरातली मांजरं पळायची तो. अण्णा गेल्यापासून ती तो रोज संध्याकाळी चार्जिंगला लावत असे आणि सकाळी पर्समध्ये टाकून प्रयोगशाळेत आणत असे. का, ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं. म्हातारा म्हणाला, "ताई, घ्या ना फोन, मी कुठं पळून चाललो." तिने सुई टोचली, नळी भरू दिली, कापूस दाबला, त्याचा हात कोपरात दुमडून दिला आणि मग फोन उचलला. पलीकडे हिंदीत बोलणारा शांत आवाज होता. "गिरधर काशीनाथ पाटील बोल रहे हैं?" ती म्हणाली, "वो अभी यहाँ नहीं हैं." वाक्य तोंडातून गेल्यावर तिला ते ऐकू आलं. हरियाणातल्या घोड्यांच्या प्रयोगशाळेतून फोन होता. तुमच्या घोडीचा पहिला नमुना आमच्याकडे कधीचा गोठवून ठेवलाय, दुसरा आलेलाच नाही. एकट्या पहिल्यावरून आम्ही काहीच सांगू शकत नाही. उशीर झालाय, पण अजून पाठवलात तर चालेल. घोडी बरी आहे ना? ती म्हणाली, बरी आहे. "तो साहब को बोल दीजिए." ती म्हणाली, बोलते.

बाहेर मिरच्यांचा वास होता. शहराच्या कडेला पथारींवर मिरच्या वाळत पडल्या की मार्चच्या वाऱ्याबरोबर तो तिखट वास नंदुरबारभर हिंडतो. बाहेरगावचे लोक ठसकतात, इथले नुसतं नाक पुसतात. सीमाने नाक पुसलं. म्हाताऱ्याची नळी रॅकमध्ये ठेवताना तिचा हात नेहमीसारखा स्थिर होता आणि तेच तिला खटकलं. इतक्या दिवसांत तिचा हात कधी थरथरला नव्हता. अण्णांच्या अंगावर चादर ओढतानासुद्धा तिने चारी कोपरे सारखे केले होते. बायका रडत होत्या आणि ती कोपरे सारखे करत होती. रडू येत नव्हतं असं नाही, पण दुःखात कुठेतरी एक खडा होता. तांदळात असतो तसा, दातांखाली येईपर्यंत दिसत नाही. त्या फोनने तो दातांखाली आणला. अण्णांनी दुसरा नमुना का घेऊ दिला नाही?

ती माणसांचं रक्त तपासते. डेंगू, टायफॉइड, कावीळ. घोड्यांच्या आजाराबद्दल तिला जे ठाऊक होतं ते सगळं या हिवाळ्यात वाचलेलं. पण मूळ गोष्ट एकच असते. एखादा विषाणू अंगात शिरला की रक्त त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि आजार निघून गेला तरी ती राहतात. म्हणजे रक्तात प्रतिपिंडं सापडली की एवढंच कळतं की हे दोघे कधीतरी भेटले होते. कधी, ते कळत नाही. घोड्यांच्या हर्पीसच्या बाबतीत तर आणखीच अवघड, कारण बहुतेक घोड्यांना तो कधी ना कधी भेटलेला असतोच. आणि एकदा भेटला की जात नाही, मज्जातंतूंच्या गाठीत जाऊन झोपतो, जन्मभर. म्हणून रक्त दोनदा घ्यायचं, मध्ये काही आठवडे जाऊ द्यायचे आणि दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच ताटलीत, एकमेकांशेजारी ठेवून तपासायचे. दुसऱ्यात प्रतिपिंडं चौपट वाढलेली किंवा तितकीच उतरलेली दिसली तर आजार ताजा. सारखीच राहिली तर जुना. कॉलेजात असताना तिने वहीच्या कोपऱ्यात लिहिलं होतं की रक्ताला आठवण असते. तेव्हा ते वाक्य फार आवडलं होतं. आता अशा वाक्यांचा तिला कंटाळा येतो.

दुपारी तिने रजा टाकली, बर्फाचा डबा आणि नळ्या पिशवीत घेतल्या आणि शहाद्याची बस पकडली. खिडकीपाशी ऊन होतं. गोठ्यातला तो दिवस आठवायचा नाही असं ठरवलं की तो जास्तच नीट आठवतो. खरं तर गोठा नव्हे, पागा. अण्णांचं शेत आणि हिलालकाकांचं शेत यांच्यामधल्या बांधावर दोघांनी मिळून पत्र्याची पागा बांधली होती. अर्धा पाया या शेतात, अर्धा त्या. अण्णांची रेवा आणि हिलालकाकांच्या दोन घोड्या एकाच दावणीला. दोघांनाही घोड्यांचा नाद होता, आणि शेतकऱ्याला घोड्याचा काय उपयोग असं कोणी विचारलं की हिलालकाका म्हणायचे, "उपेग तं बायकोना बी इचारता येस, पन आपन इचारतस का?" दर डिसेंबरात दोघे सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जायचे. विकायला नाही, मिरवायला. यंदा हिलालकाकांच्या दोन्ही घोड्या गाभण होत्या म्हणून एकटी रेवा गेली, पाच-सहा दिवस हजारभर घोड्यांच्या नाकाशी नाक लावून परत आली. आणि फेब्रुवारीत, दिवस भरत आलेले असताना, हिलालकाकांची एक घोडी सकाळी उभ्या उभ्या गाभडली. शिंगरू पूर्ण वाढीचं होतं, आयाळ आलेली, खूर आलेले, मेलेलं. काही दिवसांनी दुसरी. हिलालकाकांनी दोन्ही वेळा त्याच सकाळी निंबाखाली खड्डा घेतला, पोतंभर मीठ घातलं आणि शिंगरू पुरलं. तान्ह्या जिवाला उघड्यावर ठेवत नाहीत. त्या मेलेल्या पिल्लाच्या फुप्फुसाचा, काळजाचा तुकडा मिळता तर सरळ उत्तर मिळालं असतं. मिठाखाली गेल्यावर नुसतं जित्या घोड्यांचं रक्त उरलं, आणि रक्त असं आडवळणाने बोलतं. हिलालकाकांच्या घोड्यांचं रक्त घेऊनही फायदा नव्हता. त्यांना आजार झाला एवढंच त्यातून कळलं असतं, तो कुठून आला ते नाही.

त्या दिवशी ती सुट्टीला गावी होती, म्हणून तिने ऐकलं. पागेच्या त्या टोकाला हिलालकाका उभे, या टोकाला अण्णा, मध्ये तीन घोड्या रवंथ केल्यासारख्या शांत. "गिरधर," हिलालकाका म्हणाले, "तुले मालूम व्हतं. जत्रामातीन ती खोकत उनी, तुले मालूम व्हतं. तरी बी तू तिले मन्ही घोडीसना जोडे बांधं." अण्णा म्हणाले, "ती खोकनी नही, हिलाल." "मंग मन्ही शिंगरं काय नजर लागीसन मरनात?" मग बोलायचं थांबलं. चाळीसेक वर्षांचं बोलणं असं थांबेल यावर तिचा विश्वास बसला नव्हता. गावानेच मग सुचवलं, रक्त तपासा. हिलालकाका म्हणाले, तपासा, मले बी देखू द्या. आणि अण्णा तिच्याकडे वळून म्हणाले, "बेटा, तुन्हं कामच ते शे. काढ."

प्रकाशा गावाजवळचा पूल आला. तापीचं पाणी बंधाऱ्याने अडवलेलं, तळ्यासारखं, हललंसुद्धा नाही. पहिला नमुना घेतला तेव्हा अण्णांनी रेवाला धरलं होतं. एक तळवा तिच्या डोळ्यावर झापडासारखा, दुसरा मानेखाली, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटणं चालू. सीमा त्यांना समजावत होती. कामात असली की ती बोलते, एरवी फारशी नाही. जत्रेतून आला असेल तर ताजा दिसेल, दुसऱ्या नमुन्यात कळेल. पण अण्णा, असंही असतं की बऱ्याच घोड्यांना हा लहानपणीच लागतो आणि मग झोपून राहतो. अण्णांनी विचारलं, "कितलं धाकलं?" ती म्हणाली, अगदी तान्हं. दूध पिताना. आईच्या अंगात झोपलेला असतो, तो तिच्या नाकातून पिल्लाच्या नाकात जातो, आईला साधा खोकलासुद्धा न येता.  नळी भरली. त्यांनी रेवाच्या डोळ्यावरचा हात काढला, हौदावर गेले आणि हात धुतले. बराच वेळ धुतले. ती लेबल लिहीत होती, तिने वर पाहिलं नव्हतं. पाण्याचा आवाज मात्र आता बसमध्येही ऐकू येत होता.

त्यानंतर त्यांनी टाळाटाळ केली. ती फोन करायची, अण्णा, दुसरं रक्त घ्यायला येऊ? आज गहू काढनी शे. आज घोडी चिडेल शे. पुढला हप्तामा देखू. एकदा म्हणाले, राहू दे ना बेटा, त्यानी काय शिंगरं जित्ती व्हतीन? तिने हट्ट केला नाही. आणि मनात, अगदी आत, जिथे माणूस स्वतःलाही नीट ऐकू येत नाही तिथे, तिला वाटलं की अण्णा घाबरलेत. रेवा खरंच खोकत आली होती. त्यांना ठाऊक होतं. हा खडा तेव्हाचा. मग एका दुपारी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, ते निंबाखाली बाजेवर बसले ते उठले नाहीत. गंधमुक्तीच्या जेवणाला हिलालकाका आले. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर. पंगतीत बसले, पानावर सगळं वाढून झालं, आणि एकही घास न घेता ते उठून हात न धुताच निघून गेले. सगळ्यांनी पाहिलं.  त्या न उष्टावलेल्या पानावरचा वरणाचा ओहोळ भाताच्या कडेने हळूहळू पसरत गेलेला तिला अजून दिसतो. बाप गेल्याच्या दुःखापेक्षा ते पान जास्त दिसावं याची तिला लाज वाटते, पण दिसतं. अण्णा खोटे होते, असं ते पान म्हणत होतं. आणि तिलाही तसंच वाटत होतं.

घरी नवनीत अंगणात मोटरसायकल पुसत होता. तिच्या हातातला डबा पाहून म्हणाला, "ताई, मानसेसनं रगत काढी काढी पोट नही भरनं का तुन्हं, आते घोडीना मांगे लागनी?" धाकटा भाऊ; बाप गेल्यापासून त्याच्या थट्टेला एक घाई आली होती, थांबला तर काहीतरी पकडेल अशी. त्यानेच सांगितलं, विसरवाडीचा एकजण उद्या सकाळी रेवाला न्यायला येतोय. लग्नांच्या वरातीत घोड्या नाचवतो. "सीझन तोंडवर शे त्यानं. आपला घरमा कोन देखी तिनाकडे? कोनले जवय येऊ देस नही. मांगला हप्तामा मले लाथ मारी, हाई देख." त्याने मांडी दाखवली. निळी झाली होती. "तू धरशील का तिला?" "मी धराव नही." आई ओट्यावर तूर पाखडत बसली होती. वत्सलाबाई गावात अशा ओळखल्या जात की त्या दोन शब्दांत काम भागवतात. सूप खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "हिलालभाऊले बलाव." नवनीतने फडकं पिळलं. "तो येवाव नही, माय." "तोच धरी," वत्सलाबाई म्हणाल्या आणि पाखडू लागल्या.

हिलालकाकांच्या दारात ती शाळेतल्या पोरीसारखी उभी राहिली. धनुकाकू बाहेर आल्या, पाणी दिलं, डब्याकडे पाहिलं. "तुन्हा काका आजकाल कोनसंगे बोलस नही," त्या म्हणाल्या. "मन्हासंगे ते लगीन व्हयनं तवयपाईनच बोलना नही, तवय मले काय फरक पडना नही. पन बाहेरनासले जड जास." आतून खोकला आला. काकू आत तोंड करून म्हणाल्या, "गिरधरभाऊनी पोर उनी शे. घोडी धराले बलावस."  घरात कुठेतरी पंखा एका बाजूला घासत फिरत होता. सीमाने मनात वाक्यं जुळवली, प्रमाण मराठीत, कारण अवघड काही बोलायचं असलं की तिला शाळेची भाषा सुचते आणि घरची पळून जाते. काका, अण्णांसाठी नको, तुमच्यासाठी तरी. काका, उद्या घोडी जाईल, मग कधीच कळणार नाही. यातलं एकही वाक्य लागलं नाही. हिलालकाका बाहेर आले, चपला घातल्या आणि तिच्याकडे न बघता पागेच्या वाटेला लागले. ती मागून. वाटेत पपईच्या बागेत कोणीतरी पाणी फिरवत होतं, त्याने दोघांना बघितलं आणि फावडं थांबवलं.

रेवाने त्यांना पाहून कान पुढे केले. त्या आधी, सीमा दिसल्यावर, तिने ते मागे पाडले होते. हिलालकाकांनी दावं ढिलं केलं, तिच्या नाकावर आपलं नाक टेकवलं, फुंकर घातली. मग एक तळवा तिच्या डोळ्यावर, झापडासारखा, दुसरा मानेखाली. तोंडाने पुटपुटणं. सीमाच्या हातातली सुई थांबली. तीच पकड, तोच हात, नुसता वेगळ्या माणसाच्या खांद्याला लागलेला. "काढ ना," हिलालकाका म्हणाले, "देखी काय ऱ्हायनी?" ती म्हणाली, "अण्णा असंच धरायचे." "तो कसा धरी? मीच शिकाडं त्याले." रेवाच्या मानेवरची शीर दाबल्यावर दोरीसारखी फुगली. "ही जनमनी त्याच दिनले शिकाडं. पाय मारी ऱ्हायंती, गिरधर घाबरना. मी सांगं, डोयावर हात ठेव, आंधारामा जनावर मानूसवर भरोसा ठेवस." सुई आत गेली. रक्त काळसर, जड, नळीत उतरू लागलं. सीमाने विचारलं, "कुठे जन्मली?" विचारताना तिला त्या प्रश्नात काही विशेष वाटलं नव्हतं, सुई टोचल्यावर जनावराच्या मालकाशी बोलत राहावं, हात हलत नाही, एवढंच. तिला वाटायचं रेवा जत्रेत घेतलेली. तेव्हा ती पुण्याला शिकत होती, आणि अण्णांनी पाठवलेल्या पहिल्या फोटोत मागे जत्रेचे तंबू होते. हिलालकाका म्हणाले, "आठेच. या खुंटाजोडे. मन्ही तांबडी घोडी व्हती ना, तिनी ही पोर. तांबडी मी गिरधरले अर्धेलीवर दिन्ही व्हती." अर्धेली म्हणजे जनावर एकाचं, चारा-पाणी, सांभाळ दुसऱ्याचा, आणि होणारी पिल्लं आळीपाळीने दोघांची. "पहिलं शिंगरू त्यानं, दुसरं मन्हं, आसं ठरं व्हतं. पहिली ही व्हयनी. मंग तांबडी गाभनच ऱ्हायनी नही, मरी गयी. मले काही भेटनंच नही." ते किंचित हसले. पंगतीतून उठल्यापासून त्यांचं पहिलं हसू असावं.

नळी भरली होती. तिने सुई काढली, अंगठ्याने जागा दाबून धरली आणि दाबूनच उभी राहिली, गरजेपेक्षा जास्त. कितलं धाकलं? अगदी तान्हं, अण्णा. दूध पिताना. आईच्या नाकातून. पाण्याचा आवाज. ते हात धुत होते तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हा खुंट होता, आणि याच खुंटाशी तांबडीच्या अंगाला चिकटून उभं राहिलेलं ओलं शिंगरू. रेवात ते जुनं असेल तर ते तांबडीचं असणार, आणि तांबडी हिलालची. ज्या आजाराने हिलालची शिंगरं गेली तो त्याच्याच घोडीच्या श्वासातून या पागेत आला असेल. हे अण्णांना एका प्रश्नात कळलं होतं. बांधापलीकडे जाऊन एक वाक्य बोलले असते तर हिलालचं तोंड बंद झालं असतं. त्याऐवजी गहू काढायचा होता, घोडी चिडलेली होती, पुढला हप्ता होता. किंवा तसं नव्हतंच. कदाचित तिलाच तसं हवं होतं. बाप गेलेल्या लेकीला हवं असतं तसं. त्यांनी कदाचित हात नुसते धुतले असतील, आणि ते खरंच घाबरले असतील. दोन्ही गोष्टी त्याच दिवसांवर, त्याच टाळाटाळीवर सारख्याच बसत होत्या. एका नमुन्यावरून काही सांगता येत नाही, आणि अण्णांचा दुसरा नमुना आता मिळणार नव्हता. "रगत थांबनं ना," हिलालकाका म्हणाले, "कसाले दाबी ऱ्हायनी?" तिने अंगठा उचलला.

दुसऱ्या दिवशी विसरवाडीचा माणूस टेम्पो घेऊन आला. रेवा चढेना. नवनीत, तो माणूस आणि त्याचा ड्रायव्हर ओढत होते. बांधापलीकडून हिलालकाका पाहत होते, पण आले नाहीत. शेवटी आईने डोक्यावरच्या पदराचा शेव सोडून रेवाच्या डोळ्यावर धरला आणि ती चढली. सीमाने नंदुरबारला परत येऊन रक्त यंत्रात फिरवलं, पिवळसर पाणी वेगळं केलं, बर्फात भरून पाठवलं. मग नुसतं वाट बघणं होतं, आणि वाट बघण्यात ती वाईट होती. रात्री पुस्तक उघडायची, तेच पान तीनदा वाचायची. प्रयोगशाळेत लोकांच्या चिठ्ठ्यांवर जुना, नवा असं लिहिताना तिला वाटायचं की या प्रत्येकाच्या घरी एक तरी माणूस असेल ज्याला खरं तर कुणामुळे, एवढंच विचारायचंय. आणि ते कुठल्याच चिठ्ठीवर येत नाही. लग्नसराई सुरू झाली. एका संध्याकाळी बाजारातून जाताना वरात आडवी आली. पांढरी घोडी, डोक्यावर तुरा, कानाशी बँड. रेवा नव्हती. सीमा तरीही त्या घोडीच्या कानांकडे बघत फुटपाथवर थांबली, मागे पाडलेत की पुढे आहेत.

फोन आला तेव्हा तोच शांत आवाज होता. दोन्ही नमुने एकत्र तपासले. दोन्हीत प्रतिपिंडं आहेत, पण थोडी आणि अगदी सारखी. चढ नाही, उतार नाही. "पुराना है. बचपन का होगा." तिने विचारलं, जत्रेतून घेतला असेल? "लगता नहीं. पर क़सम नहीं खा सकता." आणि झोपलेला असतो तो कधीकधी जागा होतो, प्रवासाने, दगदगीने, घोडी स्वतः आजारी न पडता दुसऱ्यांना देते. रक्तात त्याची खूण उमटेलच असं नाही. "आपकी घोड़ी ने दिया या नहीं दिया, यह ख़ून से नहीं निकलेगा." तिला ते आधीच माहीत होतं, तरी तिने ते कागदावर उतरवून घेतलं. तो म्हणाला, पण निदान साहेबांना समाधान होईल, जत्रेतून आणलं नाही एवढं तरी. ती म्हणाली, "साहब नहीं रहे."  मग तो म्हणाला, माफ कीजिए, आणि तिने त्याचे आभार मानले, व्यवस्थित, पूर्ण वाक्यात.

रविवारी ती गावी गेली. बसमध्ये तिने वाक्य तयार केलं होतं. प्रकाशाच्या पुलाआधी ते लांब होतं, पुलानंतर छोटं झालं, गावच्या फाट्यावर उतरली तेव्हा एवढंच उरलं की काका, अण्णांना ठाऊक होतं, आणि ते बोलले नाहीत. याने ते पान उष्टावेल. अण्णा होते तसे दिसतील. खरं की तिला हवं तसं, याची खात्री तिला नव्हती, पण हिलालकाकांना खात्री पटेल इतपत ती ते सांगू शकत होती. हिलालकाका पागेत होते, दोन्ही घोड्यांना कडबा टाकत. तिसरा खुंट मोकळा होता, तिथली माती खुरांनी उकरलेली तशीच होती. तिने सरळ सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. जत्रेतला दिसत नाही, जुना आहे. रेवाने दिला की नाही, ते कळत नाही, कधीच कळणार नाही. जुना म्हणजे बहुतेक लहानपणचा. हिलालकाका ऐकत होते, एका हातात पेंढी. "लहानपनना म्हंजे?" "दूध पितानाचा. आईकडून येतो." ते मोकळ्या खुंटाकडे पाहत राहिले. त्यांना जोडायला वेळ लागला, अण्णांना लागला असेल त्याहून जास्त, आणि तो सगळा वेळ ती त्यांच्या तोंडाकडे पाहू शकली नाही. "म्हंजे मन्ही तांबडीनं शे हाई," ते म्हणाले. ती म्हणाली, असू शकतं. "शकतं कसानं, तिनी दुसरी कोन माय व्हती?" पेंढी त्यांच्या हातात तशीच. मग त्यांनी विचारलं, हलक्या आवाजात, जणू खुंटालाच विचारावं तसं, "गिरधरले मालूम व्हतं का हाई?"

वाक्य तयार होतं. तिने तोंड उघडलं आणि तिला पेंढीची टोकं थरथरताना दिसली.  हा हात डोळ्यावर ठेवला की जनावर उभं राहायचं. अण्णा पुढला हप्ता, पुढला हप्ता म्हणत राहिले ते हे बघायला लागू नये म्हणून असेल, तर आपल्याला जपणाऱ्या माणसालाच आपण खोटं ठरवलं, हे हिलालकाकांना आता तिच्या एका वाक्याने कळणार होतं, आणि हिलालकाका उरलेलं आयुष्य या पागेत त्या वाक्यासोबत काढणार होते. अण्णांचं नाव त्याने धुऊन निघालं असतं. ते मागायला अण्णा आले नव्हते. ती आली होती.

"नही काका," ती म्हणाली. घरची भाषा आपोआप आली. "त्यासले कसं मालूम व्हई? मीच सांगं नही. राही गयं मन्हापाईन."

हिलालकाकांनी तिच्याकडे पाहिलं. "राही गयं," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "इतली शिकनी तू, कपाट भरी पुस्तकं वाचस, आनि घरना मानूसले सांगानं राही जास तुले? त्याले सांगती ते तो मन्हा तोंडवर फेकता ना. भांडता मन्हासंगे. मी त्याले काय काय बोलनू, मालूम शे का तुले? आनि तो गप. मले वाटनं, गप शे म्हंजे खोटा शे." "चुकनं, काका." "चुकनं म्हने." त्यांनी पेंढी घोडीपुढे आपटली, दुसरी उचलली, तीही आपटली. "पुन्याले धाडं व्हतं बापनी, काय शिकीसन उनी? रगत काढता येस, तोंड उघडता येस नही." ते बोलत राहिले. कडबा संपला तरी बोलत राहिले, तिच्या नोकरीला, तिच्या गप्प स्वभावाला, तिच्या आजीपासून चालत आलेल्या विसरभोळेपणाला. ती उभी राहून ऐकत होती. मध्येच त्यांनी पायाने एक पोतं तिच्याकडे सरकवलं, बस म्हणून, आणि ती बसल्यावर पुन्हा सुरू केलं.